जादू खर्चायची कुठे?

युद्धातून जीव वाचवून नव्या मुलखात गेलेल्या माणसांची अद्भुत गोष्ट आपल्याला काही नवी नाही. जरासंधाने मथुरेवर सतरा स्वाऱ्या केल्या, अठरावी यायच्या बेतात होती आणि तेवढ्यात कालयवन तीन कोटींचं सैन्य घेऊन वेशीवर येऊन ठेपला. भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण आणि बलराम यावर विचार करतात तो अगदी संसारी माणसांसारखा. आपण दोघं याच्याशी लढत बसलो आणि उद्या-परवा तो जरासंध आला, तर घरच्यांचं काय? मग समुद्रात बारा योजनांचं नगर उभं राहतं आणि कृष्ण आपल्या योगसामर्थ्याने सगळ्या प्रजेला तिथे नेऊन ठेवतो. कीर्तनकार हा भाग आणखी रंगवून सांगतात. रात्री मथुरेत डोळा लागला, सकाळी द्वारकेत कोंबडा आरवला. कुणाला गाठोडं बांधावं लागलं नाही, कुणाला गोठ्यातली गाय शेजाऱ्याच्या हवाली करावी लागली नाही. आणि येता का म्हणून कुणी कुणाला विचारलंही नाही.

मोहसिन हमीद यांची ‘एक्झिट वेस्ट’ वाचताना मला सारखी ही द्वारका आठवत होती.

कादंबरी २०१७ सालची, आकाराने लहान, दोन बैठकांत संपेल एवढी. त्या वर्षी बुकरच्या अंतिम यादीतही होती. हमीद मूळचे लाहोरचे. लहानपणाची काही वर्षं कॅलिफोर्नियात, मग लाहोर, मग शिक्षणासाठी पुन्हा अमेरिका, नंतर लंडन आणि अखेर परत लाहोर, असा त्यांचा स्वतःचाच प्रवास आहे. गोष्टीतल्या शहराला मात्र नाव नाही. निर्वासितांनी भरून गेलेलं, पण अजून युद्ध पुरतं न पेटलेलं असं एक शहर. तिथे संध्याकाळच्या एका क्लासमध्ये सईद आणि नादिया भेटतात. क्लास कसला, तर ब्रँडिंगचा. गावाच्या वेशीवर आग लागलेली असताना पोरं ब्रँडिंग शिकताहेत, हे मला फार खरं वाटलं. सईद होर्डिंगच्या जाहिराती लावणाऱ्या कंपनीत आहे, नादिया विमा कंपनीत. ती पायघोळ काळा झगा घालते, नमाज पढत नाही, मोटरसायकल चालवते आणि एकटी राहते. नमाज पढत नाहीस तर झगा कशाला, असं सईद विचारतो. पुरुषांनी वाटेला जाऊ नये म्हणून, असं ती याहून पुष्कळ सडेतोड शब्दांत सांगते.

शहराभोवती बंडखोरांचा फास आवळत जातो, आणि त्याच सुमारास कुजबुज सुरू होते की जगात काही ठिकाणी साधे दरवाजे अचानक काळे होतात. कपाटाचा, मोरीचा, कुठलाही. त्यातून आत शिरलं की माणूस दुसऱ्याच देशात निघतो. बस्स, एवढीच जादू. ड्रॅगन नाही, जादूगार नाही, मंतरलेली तलवार नाही. दरवाजे कोण उघडतं, का उघडतात, याचा खुलासा शेवटपर्यंत नाही. अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या चाहत्यांना हे पुस्तक आपल्यातलं वाटत नाही आणि गंभीर साहित्यवाल्यांना त्यातल्या दरवाजांची जरा लाज वाटते. मी दोन्हीकडची असल्यामुळे मला दोन्ही अडचणी समजतात.

माझ्या एका मैत्रिणीचा या दरवाजांवरच आक्षेप आहे. ती म्हणते, अख्खा समुद्रच गाळला तर राहिलं काय? तिचं म्हणणं सहज उडवून लावता येत नाही. २०१५ या एका वर्षात साडेआठ लाखांच्या आसपास माणसं तुर्कस्तानकडून समुद्र ओलांडून ग्रीसला पोहोचली. त्याच वर्षी भूमध्य समुद्रात साडेतीन हजारांहून जास्त लोक बुडाले किंवा बेपत्ता झाले. तुर्कस्तानातल्या बोद्रुमजवळच्या वाळूत पालथं पडलेलं ते लाल शर्टातलं मूल आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. आणि दोन वर्षांत एक कादंबरीकार येतो, रबरी होडी, दलालाने विकलेलं लाइफ जॅकेट, रात्रीचं पाणी हे सगळं पुसून टाकतो आणि त्या जागी एक काळं दार ठेवतो. शिवाय सईद-नादियाचं पहिलं दार उघडतं ते ग्रीसमधल्या मिकोनोसला! होड्या लागत होत्या लेस्बॉस बेटाच्या किनाऱ्याला. मिकोनोस म्हणजे पैसेवाल्या पर्यटकांचं, रात्रभर नाचगाण्याचं बेट. ही निवड मात्र मला खोडसाळ आणि अचूक वाटली. तिथे छावणीत तंबू पडलेत आणि बेटावरचा पर्यटनाचा धंदा आपला चालूच आहे.

समुद्राबद्दल माझं मत वेगळं आहे. होडीचं दृश्य तेव्हा बातम्यांत रोज दिसत होतं. रोज दिसणारी गोष्ट हळूहळू डोळ्यांना नुसती वर वर दिसते, आत जात नाही. हमीद यांनी टीव्हीवर दिसणारा भाग काढून घेतला आणि जे टीव्हीवर कधीच येत नाही त्याला पानंच्या पानं दिली. उदाहरणार्थ, खिडकी. शहरात गोळीबार सुरू झाल्यावर माणसाचं खिडकीशी नातं कसं बदलतं, हे त्यांनी काय लिहिलंय! जिथून ऊन-वारा यायचा तिथूनच आता मरण यायची शक्यता सगळ्यात जास्त. म्हणून पुस्तकांची कपाटं ढकलून खिडक्यांना लावायची. मग एक दिवस अख्ख्या शहराचं मोबाइल नेटवर्क जातं आणि दोन प्रेमी जीवांना एकमेकांचा पत्ताच लागेनासा होतो. बँकेबाहेर पैसे काढायला झुंबड उडते आणि त्या रेटारेटीत नादियाच्या अंगाला नको तिथे हात लागतो; युद्ध आलं म्हणून तसले हात थांबत नाहीत. सईदची आई जाते ती कशी? हरवलेलं कानातलं गाडीत पडलंय का, म्हणून ती शोधत असते आणि कुठूनतरी भरकटलेली गोळी काच फोडून आत येते. युद्धाचं वर्णन करताना लोक रणगाड्यांचे ताफे उभे करतात. इथे एक बाई सीटखाली कानातलं शोधते आहे. ते पान मी पुन्हा वाचू शकलेले नाही.

आई गेल्यावर नादिया सईदच्या घरी राहायला येते. येताना आपलं कुंडीतलं लिंबाचं झाडही घेऊन येते.

आता खरा मुद्दा. दरवाजाचा दलाल सापडतो, पैसे दिले जातात, आणि सईदचे वडील म्हणतात, मी येत नाही. इथे तुझी आई आहे. ते निवृत्त प्राध्यापक आहेत; बायकोच्या कबरीपाशी जाणं आणि नातलगांकडे बसून जुन्या गोष्टी ऐकणं एवढंच त्यांचं आयुष्य उरलंय. सईद विनवण्या करतो, संतापतो. वडील हटत नाहीत. मग एकदा ते नादियाला बाजूला घेऊन तिच्याकडून वचन घेतात : तुम्ही दोघं सुखरूप ठिकाणी पोहोचेपर्यंत माझ्या मुलाची साथ सोडू नकोस. वचन देताना तिला कळून चुकतं की आपण या म्हाताऱ्याला मागे टाकायला होकार देतो आहोत. निघून जाणारा माणूस मागे राहिलेल्यांना आपल्या आयुष्यापुरतं मारूनच टाकतो, अशा अर्थाचं एक वाक्य हमीद इथे टाकतात. फार थंडपणे टाकतात.

हा बाप आपण आधी कुठेतरी पाहिलाय. रोमन कवी व्हर्जिलच्या ‘इनिड’ या महाकाव्यात ट्रॉय शहर जळत असताना इनिअसचा म्हातारा बाप अँकायसिस असाच हटून बसतो. मी नाही येत, मला इथेच मरू दे. इनिअस त्याला खांद्यावर घेऊन, मुलाचं बोट धरून निघतो ते चित्र युरोपात शेकडो वेळा रंगवलं गेलं. पण त्याआधी म्हातारा तयार कसा झाला, हे कुणी आठवत नाही. नातवाच्या डोक्याभोवती अचानक ज्योत पेटते, केसांना न जाळता झळकते. बाप तिला शकुन मानतो, पण खात्रीसाठी देवाकडे आणखी एक खूण मागतो. लगेच गडगडाट होतो आणि आकाशातून एक तारा निखळतो. मग अँकायसिस उठतो. म्हणजे व्हर्जिलने आपली जादू बापाचं मन वळवायला खर्च केली. बायको क्रेउसा मागे राहते, चुकते, मरते. तिच्यासाठीही एक जादू शिल्लक आहे, तिचं भूत येऊन नवऱ्याला सांगतं की तू जा, माझ्यात अडकू नकोस. निघून जाणाऱ्याला परवानगी मिळते.

हमीद यांच्याकडे जादू होती. कपाटातून माणूस एजियन समुद्रापार काढण्याइतकी होती. ती त्यांनी बापासाठी वापरली नाही. सईदच्या बापाला कुठलीही ज्योत दिसत नाही, तारा तुटत नाही, बायकोचं भूत येऊन ‘जा’ म्हणत नाही. दोघं एका बंद पडलेल्या दातांच्या दवाखान्यात जातात, तिथलं काळं दार ओलांडतात (मरणं आणि जन्मणं एकाच वेळी व्हावं तसं ते ओलांडणं आहे, पलीकडे दोघं धापा टाकत जमिनीवर पडून राहतात) आणि बाप त्या शहरात राहतो तो राहतोच. माझ्या मते या पुस्तकाची सगळी ताकद इथे आहे. पायांसाठी जादू, मनासाठी नाही. प्रवास इतका सोपा करून ठेवलाय की ‘रस्ता धोक्याचा होता म्हणून वडिलांना आणलं नाही’ असं म्हणायचीही सोय राहिलेली नाही. दार उघडं होतं. ते आले नाहीत, आणि हे गेले.

कृष्णाने हा प्रश्नच येऊ दिला नव्हता. सगळे झोपेत.

पण त्याच द्वारकेचा शेवट महाभारतात वाचावा. मौसल पर्वात यादव आपसांत मारामारी करून संपतात, कृष्ण जातो आणि उरलेल्या बायका-मुलं-म्हाताऱ्यांना घेऊन अर्जुन इंद्रप्रस्थाकडे निघतो. मागे समुद्र चढत येतो आणि नगर गिळतो. पुढे पंचनदाच्या प्रदेशात आभीर दरोडेखोर हातात नुसत्या काठ्या घेऊन या तांड्यावर तुटून पडतात. अर्जुन हसतो, गांडीव उचलतो, आणि त्याला ते कसंबसं चढवता येतं. अस्त्रांचे मंत्र आठवत नाहीत. कधीच न संपणारे भाते रिकामे होतात. मग तो धनुष्याच्या टोकाने बडवत सुटतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत बायका पळवून नेल्या जातात. काही आपण होऊन निघून जातात, असंही व्यास लिहितात. यायच्या वेळी सगळं नगर एका रात्रीत अलगद आलं. जायच्या वेळी जगातल्या सर्वश्रेष्ठ धनुर्धराला काठीवाले दरोडेखोर आवरले नाहीत. निर्वासितांच्या वाटेचं वर्णन म्हणून मी यापेक्षा कडवट काही वाचलेलं नाही. व्यासांनी जादू नेमकी तिथे काढून घेतली, जिथे तिची सगळ्यात जास्त गरज होती.

आता थोडं आमच्याकडचं. मी कल्याणची. आमच्या बाजूलाच दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी बांधलेली छावणी होती. फाळणीनंतर त्या रिकाम्या बराकींत सरकारने लाखभर सिंधी माणसं आणून ठेवली. १९४९ साली राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीचं उल्हासनगर झालं, पण रिक्षावाला अजून विचारतो, ‘कितवा कॅम्प?’ पत्त्यात बराक नंबर असतो. कॅम्प दोनमधल्या एका दुकानातून माझी आई पडद्याचं कापड घ्यायची. दुकानात मागच्या गादीवर मालकाची आई बसलेली असे, सगळे तिला अम्मा म्हणत. गिऱ्हाइकाने उलगडून टाकलेले ताग्यांचे कोपरे ती बोलता बोलता जुळवायची, काठाला काठ लावून, मधली घडी तळहाताने दाबत. मान वर न करता बोलायची.

कराचीत ६ जानेवारी १९४८ला दंगल झाली आणि तोवर थांबलेली माणसंही बोटीच्या तिकिटाला धावली. अम्मा तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. मी आगाऊपणे बोटीबद्दल विचारायचे. समुद्र कसा होता, भीती वाटली का? तिचं उत्तर दरवेळी एकच. ‘उलटी हुई, और क्या.’ बोटीचा विषय तिथेच मिटायचा. बराकीबद्दल मात्र ती तासभर बोलू शकायची. लांबच लांब बराक, मधे गोणपाटाचे आणि जुन्या साड्यांचे पडदे, पडद्यापलीकडे दुसरं कुटुंब. त्यांच्यात भांडण लागलं की आमच्याकडे सगळे गप्प बसून ऐकायचे. आमच्यात लागलं की ते. कोणाच्या चुलीवर आज काय शिजतंय हे वासावरून कळायचं, आणि काहीच शिजत नसलं तर तेही कळायचं. थोरला भाऊ लोकलमध्ये लिमलेटच्या गोळ्या विकायचा, आई पापड लाटायची. पुढे क्लेममध्ये खोली मिळाली. सिंधमध्ये मागे टाकलेल्या मालमत्तेबद्दल सरकारकडे दावा करायचा, त्याला सगळे क्लेमच म्हणत. ‘एक्झिट वेस्ट’मध्ये लंडनबाहेर नवं शहर बांधणाऱ्या निर्वासितांना कबूल झालेलं असतं, चाळीस मीटर जागा आणि एक नळजोडणी. ते वाचलं आणि मला अम्माचं ‘क्लेम’ ऐकू आलं.

आणि आजोबा? ‘दादा नहीं आए.’ त्यांनी सांगितलं, घर कुणी बघायचं? काही वर्षं पत्रं येत होती. एवढं सांगून ती पुढचा तागा ओढायची.

म्हणून मैत्रिणीला मी म्हणते, समुद्र गाळला ते बरंच केलं. ज्यांनी तो ओलांडला त्यांच्याही सांगण्यात तो कधी कधी दोन शब्दांचा असतो.

माझी तक्रार दुसरीकडे आहे. मिकोनोसहून दुसऱ्या काळ्या दारातून निघून दोघं लंडनला एका आलिशान रिकाम्या घरात येतात. नादिया कितीतरी वेळ शॉवरखाली उभी राहते, अंगावरचे कपडे धुते. हा प्रसंग उत्तम. मग घर भरत जातं, नायजेरियन मंडळींची पंचायत बसते, नादिया तिच्यात सामील होते, सईदला आपल्या मुलखातल्या माणसांची ओढ लागते. दोघांमधलं अंतर इथून पडायला लागतं आणि ते हमीद यांनी विलक्षण हळुवारपणे लिहिलंय. एकाच संकटातून एकत्र सुटलेली माणसं सुटकेनंतर एकत्र राहतीलच असं नाही. पुढे तिसऱ्या दारातून ती सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरीनला जातात, पत्र्याच्या झोपडीत राहतात आणि कुणाचाही दोष नसताना वेगळी होतात. एवढं सगळं पटतं.

पण मधे लंडनमध्ये स्थानिक लोक चवताळून उठतात. निर्वासितांच्या वस्त्यांची वीज तोडली जाते, सैन्य घेरतं, कारवाईत एक थिएटर जळतं आणि दोनशेवर माणसं त्यात मरतात. आता कत्तल होणार असं वाटत असताना दुसरी बाजू थांबते. वीज परत येते. का थांबली? हमीद तीन-चार ‘कदाचित’ लिहितात. कदाचित त्यांना वाटलं असेल की हे आपल्याच्याने होणार नाही. कदाचित आणखी काही. आणि गोष्ट पुढे सरकते. माझ्या लेखी या कादंबरीतलं सगळ्यात मोठं अद्भुत हे आहे. काळ्या दरवाजांवर मी बिनतक्रार विश्वास ठेवला, इथे मात्र मी पुस्तक खाली ठेवलं.

मैत्रिणीला हा सरळसरळ पळपुटेपणा वाटतो. मला तेवढंही म्हणवत नाही, कारण माघार घेतली जाते हे मी पाहिलंय. उल्हासनगर आमच्या शेजारीच उभं राहिलं, आमच्या लोकांनी नाकं मुरडली आणि मग तिथूनच लग्नाचा बस्ता बांधायला लागले. असं व्हायचं कुणी एका रात्रीत ठरवलं नव्हतं. त्याला दोन पिढ्या लागल्या, आणि त्या पिढ्यांत रोज काहीतरी बारीकसारीक घडत होतं : एक टोमणा, एक उधारी, एक अडलं-नडलं. कादंबरीकाराने ती सगळी वर्षं तीन-चार ‘कदाचित’मध्ये कोंबली. समुद्र गाळता येतो. ही वर्षं गाळली की गोष्ट लंगडी पडते, कारण नव्या मुलखात येणं म्हणतात ते या वर्षांतच घडतं, आणि ते आलेल्यांच्या इतकंच आधीपासून राहणाऱ्यांच्या घरातही घडत असतं.

आमच्या घरात ते असं घडलं. माझ्या काकूने अम्माच्या शेजारी बसून पापडाची रीत वहीत उतरवून घेतली, काळी मिरी किती आणि पीठ किती कुटायचं ते दोनदा विचारून. उन्हाळ्यात गच्चीवर पापड घातले, सगळ्या वाड्यात वाटले, वाहवा मिळवली. आणि वाटताना प्रत्येकीला सांगितलं, ‘निर्वासितांचे आहेत हो, पण छान होतात.’